शेवटचा दिवस छोटा ठेवा

पत्र (थोडं संक्षिप्त करून)

मी ५२ वर्षांचा, माझी लेक २२ वर्षांची. दोघांनाही मोटारसायकलचं वेड. गेल्या वर्षी आम्ही आपापल्या गाड्यांवर आठवडाभर वाळवंटात फिरलो. सगळे दिवस सुरेख गेले, शेवटचा सोडून. त्या दुपारी वाळूच्या पट्ट्यात तिची गाडी आडवी झाली. लागलं काही नाही. पण मी सकाळपासून हेल्मेटमधल्या इंटरकॉमवरून ‘क्लच सोड, रेस दे, पुढे बघ’ असं सांगत होतो आणि ती पडल्यावर तोंडातून निघून गेलं, “सांगत होतो ना!” पुढची वाळू मीच दोन फेऱ्या मारून दोन्ही गाड्यांसकट पार केली. तिने इंटरकॉम बंद केला तो घर येईपर्यंत. अंधार पडल्यावर पोहोचलो. घरी मी तिच्या पडण्याचा किस्सा रंगवून सांगितला, सगळे हसले, मला वाटलं विषय संपला. ती माझ्याशी नीट बोलते, पण त्या सहलीबद्दल अवाक्षर काढत नाही.

यंदा तीच म्हणाली, पुन्हा जाऊ. सहलीनंतर महिनाभराने ती नोकरीसाठी दूर जाणार आहे. शेवट गोड तर सगळं गोड, म्हणून शेवटचा दिवस अविस्मरणीय करायचं ठरवलंय. सातव्या दिवशी लांबच्या मिठाच्या सरोवरापर्यंत जाऊन मुक्कामी परत. आठव्या दिवशी तोच वाळूचा पट्टा, या वेळी पूर्ण ६० किलोमीटर, तिने स्वतः पार करायचा (बाजूने फेऱ्याचा पक्का रस्ता आहे) आणि मग ३७० किलोमीटर हमरस्त्याने घर. नववा दिवस गाड्या धुवायला राखलाय. वाटेत कुठेतरी थांबून गेल्या वर्षीची माफी मागायची आणि ती जाण्याआधी मनातलं सगळं बोलायचं. तिला वाळूत जाऊ द्यावं का? आणि हे सगळं कसं जमवावं?

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमची लेक स्वतःहून म्हणाली, ‘पुन्हा जाऊ.’ हे वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. गेल्या वर्षीचं काहीतरी तिच्या मनात आहे यात शंका नाही. पण ज्याच्याबरोबर पुन्हा आठ दिवस वाळवंटात जावंसं वाटतं, अशा माणसाबद्दलचं ते आहे. तेव्हा सगळं तुटलंय आणि सांधायला हातात एकच दिवस उरलाय, या घाईत राहू नका.

त्या घाईपोटी तुम्ही त्या एका दिवसावर काय काय लादलंय बघा. साठ किलोमीटर वाळू, तिच्यामागे ३७० किलोमीटर हमरस्ता, तिची परीक्षा, तुमची माफी आणि वर निरोप. यातली कुठलीही एक गोष्ट एका दिवसाला पुरून उरेल. माझं म्हणणं एवढंच आहे की हे सगळं त्या दिवसावरून उतरवा. शेवटचा दिवस अख्ख्या सहलीतला सर्वांत छोटा आणि सर्वांत सोपा असू द्या.

आधी अंतराचं बोलू. साठ किलोमीटर म्हटलं की डोक्यात तासाभराचा हिशेब येतो. मऊ वाळूत नवख्या माणसाला ताशी वीसचा वेग मिळाला तरी चांगलं. म्हणजे नुसतं चालवायला तीन तास. टायरमधली हवा कमी करायची, पट्टा संपल्यावर पुन्हा भरायची, पाण्यासाठी थांबायचं, गाडी एक-दोनदा आडवी होणार ती उचलायची आणि दम खायचा. साडेचार तास धरा. सकाळी आठला निघालात तर साडेबारा वाजले. तिथून ३७० किलोमीटर, तेही अंगातलं बळ वाळूत संपल्यावर. सरासरी ताशी सत्तर धरली तर सव्वापाच तास, दर तासाला थांबलात तर सात. म्हणजे घरी पोहोचायला संध्याकाळचे साडेसात, तेही सगळं सुरळीत झालं तर. गेल्या वर्षी अंधारात पोहोचलात तो योगायोग नव्हता, आणि यंदाचा बेतही तुम्हाला अंधारातच पोहोचवणारा आहे.

मावळतीनंतर वाळवंटातला हमरस्ता वेगळाच होतो. गुरं, उंट रस्त्यावर येतात. उंटाचे पाय लांब आणि धड उंचावर, त्यामुळे दिव्याच्या झोतात तो फार उशिरा दिसतो आणि धडक झालीच तर ते धड थेट चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. दिवसभर वाऱ्याने डांबरावर आणून टाकलेली वाळू वळणावर दिसत नाही. त्यात शरीर पहाटेपासून जागं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसांची चलाखी, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसांइतकी खाली आली होती. दुपारी दोन ते चार ही शरीराच्या घड्याळातली पेंगेची वेळ, आणि तुमच्या बेतात नेमक्या त्याच वेळी तुम्ही सरळसोट, कंटाळवाण्या रस्त्यावर असाल.

शिवाय ऊन. हे जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या गेल्या वर्षीच्या दुपारशी त्याचा थेट संबंध आहे असं मला वाटतं. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याच्या वर गेली की अंगावर येणारा वारा थंडावा देईनासा होतो आणि उलट अंग तापवतो. म्हणून फार कडक उन्हात जॅकेट उघडं टाकून जाणं हा थंड राहण्याचा मार्ग नाही. आतला कपडा ओला करून वर जॅकेट घातलेलं बरं. कोरड्या हवेत घाम आल्याबरोबर उडून जातो, त्यामुळे आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. प्रत्यक्षात कष्टाच्या कामात तासाला लिटरभर पाणी सहज निघून जातं. तरुण, निरोगी स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहूनही कमी पाणी घटलं तेवढ्यात त्यांची चिडचिड वाढली, डोकं दुखू लागलं, लक्ष लागेना आणि हातातलं काम आहे त्यापेक्षा अवघड वाटू लागलं. तहान धड लागलेली नसतानाची ही अवस्था.

आता ती दुपार आठवा. सात दिवसांची थकलेली शरीरं, भर ऊन, मऊ वाळू, कानात अखंड सूचना. “सांगत होतो ना” हे शब्द तिथे निघाले. यामुळे ते शब्द बरोबर ठरत नाहीत. पण पुढच्या वेळी ते निघू नयेत यासाठी तोंड आवरायचा निश्चय पुरणार नाही. दुपारी एकच्या आधी सावलीत असणं, पोटात पाणी असणं आणि त्या पाण्यात थोडं मीठ असणं हे त्याहून जास्त कामाला येईल. नुसतं साधं पाणीच लिटरभर लिटरभर पीत राहू नका. ओआरएसच्या पुड्या बरोबर ठेवा आणि खाणं चुकवू नका. आणि दोघांपैकी कुणी असंबद्ध बोलू लागलं, अडखळू लागलं, तर तिथेच थांबून सावली, अंगावर पाणी, वारा आणि लगेच वैद्यकीय मदत. उष्माघातात वाट बघायची नसते.

मोटारसायकलींच्या वाळवंटी शर्यतींमध्ये डकार रॅलीइतकं मोठं नाव दुसरं नाही. ती सुरू करणारे थिएरी साबिन १९७७ साली स्वतः मोटारसायकलवर असताना सहारा वाळवंटात हरवले होते, आणि तिथून वाचून आल्यावर त्यांनी ही शर्यत आखली. २६ डिसेंबर १९७८ला पॅरिसमधून पहिली रॅली निघाली. शर्यत आफ्रिकेत होती त्या काळात बऱ्याचदा ती सेनेगलची राजधानी डकारजवळच्या गुलाबी सरोवराकाठी संपायची, आणि तो शेवटचा टप्पा पुष्कळदा काही थोड्या किलोमीटरचाच असायचा. जगातले सर्वांत कणखर चालक दोन-तीन आठवडे वाळू तुडवून आल्यावर शेवटच्या दिवशी त्यांच्यासमोर मोठा डोंगर ठेवत नसत. शर्यतीचा निकाल बहुधा त्याआधीच लागलेला असे. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. वैमानिकांच्या प्रशिक्षणातसुद्धा ‘आता घरी पोहोचायचंच’ या ओढीला स्वतंत्र धोका म्हणून शिकवतात. ती ओढ लागली की माणूस समोर दिसणारा ढगही न दिसल्यासारखा करतो.

तेव्हा बेत असा बदला. मिठाचं सरोवर सोडा. मला माहीत आहे, ते जिवावर येईल. पण सातव्या दिवशी सरोवराची लांबलचक फेरी, आठव्या दिवशी वाळू आणि त्यावर हमरस्ता, यातलं काहीतरी सोडलंच पाहिजे, आणि सरोवर पुढच्या खेपेला तिथेच असेल. सातव्या दिवशी पहाटे वाळूचा पट्टा घ्या, दुपारच्या आत पार करा आणि पट्टा संपतो तिथल्याच मुक्कामी पडून राहा. आठव्या दिवशी सकाळीच निघून २३० किलोमीटर. उरलेले १४० नवव्या दिवशी. म्हणजे अकराच्या सुमारास घर, आणि गाड्या धुवायला अख्खी दुपार शिल्लक.

पहाटेच म्हणतेय याला कारण आहे. रात्रीच्या गारव्याने आणि दवाने वाळू जरा घट्ट असते, ऊन चढलं की ती सैल होते. शिवाय सूर्य डोक्यावर आला की सावल्या जातात आणि वाळू सपाट दिसू लागते. चढ कुठे, खळगा कुठे, मऊ भाग कुठे, काही उमजत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक लाट दिसते. गेल्या वर्षी ती दुपारी पडली हे विसरू नका. त्या वेळी त्या वाळूत चांगले चांगले पडतात.

तर हो, तिला वाळूत जाऊ द्या. ती २२ वर्षांची आहे, ‘जाऊ देणं’ खरं तर तुमच्या हातात नाहीच. तुमच्या हातात आहे ते तुमचं वागणं, आणि त्याबद्दल मला पुष्कळ सांगायचंय.

वाळूचं तंत्र तिला निघायच्या कितीतरी आधी, घराजवळ एखाद्या मोकळ्या सैल मातीच्या जागेत शिकू द्या, शक्यतो दुसऱ्या कुणाकडून. आई-बापाकडून गाडी शिकणं अवघड असतं, कारण सूचना येते तेव्हा तिच्यामागे बावीस वर्षांच्या सगळ्या सूचना उभ्या असतात. तंत्र म्हणाल तर तुम्हाला ठाऊकच आहे. फूटरेस्टवर उभं राहायचं, भार मागे, नजर लांब, हँडल सैल हातात, रेस एकसारखी. पुढचं चाक वळवळणारच, त्याला वळवळू द्यायचं. घाबरून रेस सोडली की भार पुढे येतो, पुढचं चाक रुततं आणि माणूस पडतो. पुढचा ब्रेक विसरायचा. टायरची हवा तीस पीएसआयच्या आसपास असते ती मऊ वाळूत पंधरा-अठरापर्यंत उतरवतात, मात्र दगड लागले तर जपून, नाहीतर ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते. डांबरावर येताच हवा पुन्हा पूर्ण भरायची, कमी हवेच्या टायरने वेगात गेलं तर तो तापून फुटू शकतो. पंप आणि हवा मोजायचं गेज तिच्या सामानात असू दे, तुमच्या नव्हे. पेट्रोलही वाळूत नेहमीपेक्षा बरंच जास्त लागतं, त्याचा हिशेब तिलाच करू द्या.

पुढे तिने चालायचं, मागे तुम्ही. गेल्या वर्षी तुम्ही पुढे होतात असं पत्रावरून वाटतं. मागून येणाऱ्याला धूळ खावी लागते, आणि नवखा माणूस मागे असला की तो लांब बघायचं सोडून पुढच्या गाडीच्या दिव्याकडे बघत राहतो. वाळूत पडण्याची ही अगदी खात्रीची रीत आहे. ती पुढे असली तर वेग तिचा, वाट तिने निवडलेली, आणि ती पडलीच तर तुम्हाला तत्क्षणी दिसेल. मध्ये धूळ खाली बसेल एवढं अंतर ठेवा. तिची वाट तुम्हाला चुकीची वाटली तरी तिच्याच मागे जा, पुढे खरोखरचा धोका दिसत नसेल तर.

इंटरकॉमचं काय करायचं ते तिला विचारा. माझ्या मते वाळूत तो फक्त ‘थांब’ आणि ‘मदत’ या दोन शब्दांसाठी असावा. वाळूवर गाडी चालवताना शरीर क्षणाक्षणाला सावरत असतं आणि त्याच वेळी कानात कुणाचा आवाज आला की सावरणं अर्ध्या क्षणाने मागे पडतं. तेवढा अर्धा क्षण पडायला पुरतो. तुमचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं, हे मी मानते. पण ती तुमचं वाक्य ऐकत असताना गाडीचं ऐकू शकत नव्हती.

आणि ती पडली तर? पडेलच, धरून चाला. काय करायचं ते निघण्याआधीच ठरवा. पडणाऱ्याने आधी इंजिन बंद करायचं. मागच्याने आपली गाडी नीट उभी करायची. वाळूत साइड स्टँड रुततो, त्याखाली ठेवायला लाकडाचा किंवा पत्र्याचा सपाट तुकडा खिशात असू दे. मग दोघांनी मिळून गाडी उचलायची. सामानासकट दोनशे किलोंच्या वरची गाडी मऊ वाळूत एकट्याने उचलण्यात जेवढं बळ जातं तेवढं तास तासभर चालवण्यात जात नाही, तेव्हा ‘मी उचलतो, तू बाजूला हो’ नको आणि ‘तुझी तू उचल’ही नको. मागचं चाक रुतलं असेल तर रेस देत बसायचं नाही, ते आणखी खोल जातं. गाडी आडवी करायची, खड्डा वाळूने भरायचा, मग उभी करायची. पाणी प्यायचं. आणि का पडली याबद्दल तिने विचारल्याशिवाय एक शब्दही नाही. आणि तिची गाडी तुम्ही पार करायची नाही. ती “तुम्ही न्या” म्हणाली तर गोष्ट वेगळी, पण आपणहून हात पुढे करू नका.

आता तुम्ही ज्याबद्दल विचारलं नाही त्याबद्दल.

तुम्हाला वाटतंय की ती “सांगत होतो ना” या शब्दांवर अडून आहे. मला तसं वाटत नाही. थकल्या-भागल्या बापाचे रस्त्यावरचे कडक शब्द मुलं बहुधा पचवतात, त्यांना आपला बाप माहीत असतो. मला खटकतो तो घरी रंगवून सांगितलेला किस्सा. वाळूत जे झालं ते दोघांतलं होतं. ती घाबरली असेल, तुम्हीही घाबरला असाल, आणि ती भीती फक्त तुम्हा दोघांनी पाहिली होती. घरात पाऊल टाकल्यावर तुम्ही ती सगळ्यांच्या हशासाठी मांडलीत. शिवाय गोष्ट तिची होती आणि सांगितली तुम्ही. तिने सहा दिवस जे निभावलं त्याचा त्या किश्श्यात उल्लेख होता का? त्यानंतर ती त्या सहलीबद्दल बोलत नाही, कारण तिच्या वाट्याला बोलायला काही उरलंच नाही. माझा अंदाज चुकीचा असू शकेल, पण तुम्ही स्वतः ती गोष्ट पत्रात लिहिलीत, म्हणजे तुम्हालाही ती कुठेतरी टोचत असावी.

म्हणून माफी मागायचीच तर त्या दोन्ही गोष्टींची मागा, आणि सहलीच्या शेवटच्या टप्प्यात नव्हे, निघायच्या आधी. दोन-तीन वाक्यांत. “गेल्या वर्षी वाळूत मी तुला चालवू दिलं नाही आणि वर घरी तुझा किस्सा केला. ते माझं चुकलं. यंदा दोन्ही होणार नाही.” एवढं बोलून विषय तिच्यावर सोडा. तिच्याकडून उत्तराची वाट बघू नका, आपण का तसे वागलो याचं स्पष्टीकरण देऊ नका. स्पष्टीकरण लांबलं की समोरच्यालाच आपलं सांत्वन करावं लागतं. शेवटच्या दिवशी रस्त्याकडेला गाड्या थांबवून हे बोलायचं म्हटलं तर तिने काय करावं? रडायचं असेल तर डोळे पुसून हेल्मेट घालून तासन्‌तास चालवायचं? रागवायचं असेल तर जायचं कुठे? आणि तुम्ही ते मनात घेऊन आठ दिवस फिरणार, प्रत्येक मुक्कामी ‘आत्ता बोलू की शेवटी’ असं घोळवत. आधीच बोललात तर तिला ते पचवायला सगळी सहल मिळेल आणि तुम्हाला ते वागून दाखवायला.

मनातलं सगळं बोलण्याबद्दलही माझं मत फार वेगळं नाही. निरोपाच्या भाषणासाठी दिवस ठरवू नका. तुम्ही दोघं गाडीची चेन साफ करताना, हवा मोजताना, तंबूचे खुंटे ठोकताना जे बोलाल त्यात ते येऊ द्या. शेजारी शेजारी बसून हात कामात असताना जी बोलणी होतात ती समोरासमोर बसवून होत नाहीत, निदान बाप-लेकीत तरी. ती विचारेल, ‘तुम्ही पहिल्यांदा एकटे कुठे गेला होतात?’ तेव्हा सांगा. नाही विचारलं तर नाही. महिन्याने ती नोकरीला जातेय, जगाबाहेर नव्हे.

दूर जाणारी माणसं जाण्याच्या आदल्या दिवसांत भांडतात हे मी आलेल्या पत्रांत सारखं वाचते. दुःखापेक्षा राग सोपा वाटतो, त्याला कारणही पटकन सापडतं. सहलीच्या शेवटीही थोडंफार तेच होतं. तेव्हा आठव्या-नवव्या दिवशी ती गप्प झाली किंवा क्षुल्लक गोष्टीवर फटकन बोलली तर लगेच ‘गेल्या वर्षीसारखंच झालं’ असं मनात आणू नका. तिला थकू द्या, तुम्हीही थका.

‘शेवट गोड तर सगळं गोड’ या तुमच्या म्हणीबद्दल सांगायचं राहिलं. तिला थोडा आधार आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला, आणि दुसऱ्यांदा तेवढाच वेळ बुडवून वर आणखी तीस सेकंद, ज्यात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केलं. पुन्हा कुठला प्रकार कराल म्हटल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा, पण शेवटी जरा सुसह्य झालेला निवडला. म्हणजे शेवट आठवणीवर परिणाम करतो. पण तो दीड मिनिटांचा मामला होता. पुढे २००८ साली आठवडाभराच्या सुट्ट्यांवर असाच अभ्यास झाला, विद्यार्थ्यांना रोज विचारून. तिथे हा नियम फारसा चालला नाही. एकूण सुट्टी किती सुखाची वाटली हे शेवटच्या दिवसापेक्षा, सर्वांत लक्षात राहिलेल्या किंवा सर्वांत वेगळ्या गेलेल्या चोवीस तासांवरून जास्त चांगलं सांगता येत होतं. तो दिवस तुमच्या नऊ दिवसांपैकी कुठलाही असू शकतो. तो कुठला असेल हे तुम्ही ठरवू शकत नाही, तिचा आणि तुमचा वेगळाही असेल. शेवटचा दिवस मुद्दाम अविस्मरणीय करण्याची जबाबदारी तुमच्यावर नाहीच. तो फक्त खराब होऊ नये एवढं बघा, आणि त्यासाठी तो छोटा असणं पुरेसं आहे.

त्या १४० किलोमीटरमध्ये फार काही सुचवत नाही. उजाडल्यावर निघा, अंधारात नको. गाड्यांचं रात्रीच बघून ठेवा: चेनमध्ये वाळू असेल तर ती तेलात कालवू नका, कोरड्या ब्रशने झाडा, एअर फिल्टर वाळूच्या दिवशीच साफ झालेला असू दे. शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये ओळखीचा रस्ता लागला की वेग आपोआप वाढतो आणि डोळे मिटू लागतात, तेव्हा तिथे मुद्दाम एकदा थांबा. पुढे तीच असू दे. घराच्या फाटकातून आधी तीच आत जाऊ दे.

घरी विचारतील, कशी झाली सहल? तुम्ही तिच्याकडे बघा आणि तिला सांगू द्या. ती पडल्याचं सांगेल किंवा नाही सांगणार. ती सांगताना एखादा तपशील चुकला, अंतर वाढलं, वाळूची टेकडी होती त्याहून उंच झाली, तर दुरुस्त करू नका.

आणि सातव्या दिवशी पहाटे त्या पट्ट्यासमोर उभं राहून तिने म्हटलं, “नको, पक्क्या रस्त्याने जाऊ,” तर पक्क्या रस्त्याने जा. कारण विचारू नका. “नक्की ना?” असंही विचारू नका. पुढे तीच राहील आणि मुक्काम ठरल्या ठिकाणीच.